जिनिव्हातला शेतकरी, निफाडचा शेतकरी

७ डिसेंबर २०२३ या एकाच तारखेला केंद्र सरकारचे दोन आदेश निघाले. परकीय व्यापार महासंचालनालयाने अधिसूचना काढून दुसऱ्या दिवसापासून कांद्याची निर्यात बंद केली, आणि अन्न मंत्रालयाने साखर कारखान्यांना कळवले की चालू हंगामात उसाच्या रसापासून इथेनॉल करायचे नाही. पहिल्या आदेशाने नाशिक जिल्हा हादरला, दुसऱ्याने कोल्हापूरपासून नगर-सोलापूरपर्यंतचा ऊसपट्टा. कारखानदारांचा आवाज दिल्लीत लवकर पोहोचतो, त्यामुळे इथेनॉलचा आदेश आठवडाभरातच सैल झाला. कांद्यावरची बंदी मात्र ४ मे २०२४ पर्यंत, म्हणजे जवळजवळ पाच महिने टिकली.

डिसेंबर महिना इथे महत्त्वाचा आहे. मार्च-एप्रिलमध्ये निघणारा उन्हाळ कांदा चाळीत चार-सहा महिने तग धरतो, तेव्हा भाव पडला तर शेतकरी निदान थोडा थांबू शकतो. खरिपाचा लाल कांदा तसा नसतो. त्यात पाण्याचा अंश जास्त, काढणीनंतर दोन-तीन आठवड्यांत तो मोड धरतो किंवा सडतो. डिसेंबरात लासलगाव, पिंपळगाव, चांदवडच्या बाजार समित्यांत ट्रॉल्या लागतात त्या याच कांद्याच्या. बंदी आली तेव्हा लिलाव बंद पडले, मुंबई-आग्रा महामार्ग अडवला गेला. काही दिवसांनी लिलाव पुन्हा सुरू झाले ते उतरत्या भावाने, आणि काही आठवड्यांतच भाव निम्म्यावर आला. आंदोलन लांबवणे शेतकऱ्याला परवडत नव्हते, कारण माल थांबायला तयार नव्हता.

ही बंदी एकटी आलेली नव्हती. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क बसले. ऑक्टोबरच्या अखेरीस टनाला ८०० डॉलर हे किमान निर्यातमूल्य ठरले. डिसेंबरात पूर्ण बंदी. मे २०२४ मध्ये ५५० डॉलरचे किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून निर्यात खुली झाली, सप्टेंबरात मूल्याची अट जाऊन शुल्क २० टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ पासून तेही गेले. दोन वर्षांच्या आत नियम सहा वेळा बदलला. रोप टाकल्यापासून कांदा हाती यायला साधारण पाच महिने लागतात. बी टाकताना जो नियम होता तो विक्रीच्या दिवशी असेल, याची खात्री या काळात कुणालाही देता आली नसती.

आता दुसरे ठिकाण. फेब्रुवारी २०२४ च्या अखेरीस जागतिक व्यापार संघटनेची तेरावी मंत्रिस्तरीय परिषद अबुधाबीत भरली. तिथे भारताने ठाम भूमिका घेतली की अन्नधान्याच्या सरकारी साठ्याचा प्रश्न कायमचा सुटल्याशिवाय शेतीबद्दलच्या इतर चर्चेला अर्थ नाही. आमच्या कोट्यवधी अल्पभूधारकांच्या उपजीविकेचा हा प्रश्न आहे. ही भूमिका खोटी नव्हती, आणि माझ्या मते चुकीचीही नव्हती. पण ती मांडली जात होती त्या दिवसांत नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यातल्या अल्पभूधारकाला आपला कांदा दुबईला किंवा ढाक्याला पाठवण्याची मुभा नव्हती, आणि ती काढून घेणारे सरकार तेच होते.

यावर सर्वांत सोपी प्रतिक्रिया म्हणजे सरकारला ढोंगी ठरवून मोकळे होणे. पण ढोंगाचा आरोप करून हाती काही लागत नाही. प्रश्न सरकारच्या स्वभावाचा नसून रचनेचा आहे. जगाच्या व्यापारात राज्यसंस्थेला हस्तक्षेपाचे स्वातंत्र्य हवे, हे मान्य करूनच विचारायला हवे की बाहेर भांडून मिळवलेले हे स्वातंत्र्य घरात वापरताना त्याला लगाम कुणाचा? आज शेतमालाच्या निर्यातीपुरते उत्तर असे आहे की कुणाचाच नाही. आणि जोवर तो नाही, तोवर जागतिक नियम बदलून घेण्याच्या आपल्या लढाईचा फायदा ज्याच्या नावाने ती लढली जाते त्याला मिळणार नाही.

व्यापारात राज्यसंस्थेने पडावे की नाही, हा वाद आपल्याकडे जुना आहे आणि त्याचा कौलही बऱ्यापैकी स्पष्ट आहे. शिवाजी महाराजांनी १६७१ मध्ये कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांना मिठाच्या जकातीबद्दल पत्र पाठवले. पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या बारदेशातले मीठ स्वस्त पडत होते, व्यापारी तिकडे वळले तर संगमेश्वराकडचे आपले मीठ पडून राहील, म्हणून बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवावी, असा त्याचा आशय. १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात न्यायमूर्ती रानड्यांनी भारतीय अर्थशास्त्रावर व्याख्यान दिले, त्यातही इंग्लंडात घडलेले खुल्या व्यापाराचे सिद्धान्त त्रिकालाबाधित मानायला त्यांनी नकार दिला आणि मागास देशात राज्याने उद्योगाला हात द्यावा असे सांगितले. चारच वर्षांनी त्याची प्रचीती आली. लँकेशायरच्या गिरण्यांसाठी इंग्रज सरकारने १८९६ मध्ये हिंदी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर बसवला आणि तो जवळजवळ तीस वर्षे चालला. परक्याच्या सोयीसाठी स्वतःच्या उत्पादकावर कर लावणारे राज्य कसे असते, ते मुंबईच्या गिरण्यांनी पाहिले आहे.

स्वतंत्र भारत व्यापाराच्या नियमांबाबत सावध राहिला त्यामागे हा अनुभव आहे. तरीही तो नियमांबाहेर कधीच नव्हता. १९४७ च्या गॅट करारावर सुरुवातीला सही करणाऱ्या २३ देशांत भारत होता. १९९४ च्या एप्रिलमध्ये माराकेशला नवा करार झाला, १ जानेवारी १९९५ ला जागतिक व्यापार संघटना उभी राहिली, तेव्हाही भारत संस्थापक सदस्य होता. आज तिचे १६६ सदस्य आहेत.

या नियमांची घडण पाहिली तर एक गोष्ट लगेच लक्षात येते. आयातीच्या वाटेतले अडथळे त्यांनी बारकाईने बांधून टाकले आहेत. प्रत्येक देशाने प्रत्येक शेतमालासाठी आयातकराची कमाल मर्यादा लिहून दिली आहे, आणि ती ओलांडली तर दुसरा देश तक्रार करू शकतो. भारताने या मर्यादा मुद्दाम उंच ठेवल्या. शेतमालावर त्यांची सरासरी ११३ टक्क्यांच्या आसपास आहे आणि प्रत्यक्षातला कर सरासरीने तिच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाइतका. मधली मोकळी जागा हे आपल्या वाटाघाटींचे यश. निर्यातीच्या बाजूला मात्र नियम विरळ आहेत. निर्यातकरावर सर्वसाधारण मर्यादाच नाही. निर्यातबंदीला गॅटच्या अकराव्या कलमाने मनाई आहे, पण अन्नपदार्थांची गंभीर टंचाई टाळण्यासाठी तात्पुरती बंदी घालण्याची सवलत त्याच कलमात दिली आहे. कलम टंचाईबद्दल बोलते, भाववाढीबद्दल नाही. टंचाई गंभीर आहे की नाही आणि तात्पुरते म्हणजे किती दिवस, हे आधी बंदी घालणारा देशच ठरवतो. दुसऱ्याने तक्रार केली तर वाद पुढे वर्षानुवर्षे चालतो.

शेतीविषयक कराराचे बारावे कलम एक पाऊल पुढे जाते. बंदी घालणाऱ्या देशाने आयात करणाऱ्या देशांच्या अन्नसुरक्षेचा विचार करावा आणि शक्य तितक्या आधी लेखी कळवावे, असे ते सांगते. विकसनशील देशांना यातून सूट आहे, पण जो देश त्या मालाचा निव्वळ निर्यातदार आहे त्याला नाही. कांद्याच्या बाबतीत भारत निर्यातदार आहे, म्हणजे कलम आपल्याला लागू होते. शेजाऱ्यांचे म्हणणेही एवढेच होते. ऑक्टोबर २०१९ मध्ये, अशीच एक निर्यातबंदी चालू असताना, बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत उद्योजकांसमोर हसत हसत हिंदीत म्हणाल्या की, मी स्वयंपाक्याला कांद्याशिवाय जेवण करायला सांगितले आहे. तुम्ही आधी कळवले असते तर आम्ही दुसरीकडून आणला असता.

या कलमात कुणाकुणाचा विचार झाला आहे ते पाहण्यासारखे आहे. आयात करणाऱ्या देशाच्या ग्राहकाचा झाला आहे, बंदी घालणाऱ्या सरकारच्या अडचणीचा झाला आहे. बंदी घालणाऱ्या देशातला शेतकरी कुठेच नाही. तो असणारही नाही, कारण हे करार राज्याराज्यांमधले आहेत. ढाक्याची तक्रार जिनिव्हात, संघटनेच्या मुख्यालयात, ऐकली जाऊ शकते. निफाडची तक्रार ऐकण्याची तिथे सोयच नाही. म्हणून ‘जागतिक व्यापार संघटनेने शेतकऱ्याला मारले’ किंवा ‘जागतिक व्यापार संघटना शेतकऱ्याला तारेल’ ही दोन्ही वाक्ये कांद्याच्या बाबतीत फोल ठरतात. इथले सगळे काही दिल्लीत ठरते, १९९२ च्या परकीय व्यापार कायद्याने सरकारला दिलेल्या अधिकारात.

हे सर्वांत आधी आणि सर्वांत स्पष्टपणे शरद जोशींनी सांगितले. स्वित्झर्लंडमध्ये बर्नला आंतरराष्ट्रीय टपाल संघाची नोकरी सोडून ते चाकणजवळ आंबेठाणला शेती करायला आले आणि त्यांच्या आंदोलनाची सुरुवातच कांद्याच्या भावापासून झाली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला जागतिक व्यापार कराराच्या डंकेल मसुद्यावर देशभर काहूर उठले, कर्नाटकात नंजुंडस्वामींची रयत संघटना त्याविरुद्ध रस्त्यावर होती. तेव्हा जोशींनी उलटी बाजू घेतली. त्यांचा हिशेब असा की, भारत सरकार शेतकऱ्याला अनुदान देते हे वरवरचे दृश्य आहे. निर्यातबंदी, साठामर्यादा, लेव्ही यांनी देशातला भाव जगाच्या भावाखाली दाबून ठेवला की सरकार शेतकऱ्याकडून घेते त्यापेक्षा देते कमी. याला ते उणे सबसिडी म्हणत. पुढे २०१८ मध्ये ओईसीडी आणि इक्रिअर या संस्थांच्या अहवालाने २००० ते २०१६ या काळासाठी जवळपास तेच मांडले. खत, वीज, पाणी यांवरची अनुदाने जमेस धरूनही भारतीय शेतकऱ्याला मिळणारा आधार सरासरीने उणे १४ टक्के भरला. जगभरच्या व्यापारमंचांवर भारतावर जास्त अनुदान दिल्याचा आरोप होत असताना हिशेबाची ही बाजू असते.

पण जोशींचे सगळेच स्वीकारावे असे मला वाटत नाही. जागतिक नियम न्याय्य आहेत आणि दोष फक्त दिल्लीचा, हेही खरे नाही. सरकारी खरेदीचा नियमच पाहा. विकसनशील देशाने एखाद्या पिकाला दिलेला आधार त्या पिकाच्या एकूण मूल्याच्या १० टक्क्यांपुढे जाऊ नये, अशी अट आहे. हमीभावाने होणाऱ्या खरेदीतला आधार मोजताना आजचा हमीभाव ताडून पाहिला जातो तो १९८६ ते १९८८ या काळातल्या किमतीशी. चार दशकांच्या महागाईचा मोठा भाग असा अनुदानाच्या खात्यात जमा होतो. २०१८-१९ मध्ये भारताने तांदळाच्या ४३.६७ अब्ज डॉलरच्या उत्पादनावर ५ अब्ज डॉलरचा आधार दिल्याचे कळवले, म्हणजे मर्यादा ओलांडली, आणि २०१३ च्या बाली परिषदेत मिळालेल्या तात्पुरत्या संरक्षणाचा आधार घ्यावा लागला. असा आधार घेणारा भारत पहिला देश ठरला. ही मोजणी बदलायला हवी, आणि त्यासाठी सरकार अडून बसले तर बरोबरच करते.

उसाचा खटला याहून बोलका आहे. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी २०१९ मध्ये तक्रार केली की भारत ऊसदराच्या रूपाने अनुदान देतो आणि साखरेच्या निर्यातीलाही पैसे देतो. भारताचा युक्तिवाद होता की एफआरपी, म्हणजे उसाचा ठरवून दिलेला दर, कारखाने देतात, सरकार ऊस विकत घेत नाही, मग हे सरकारी अनुदान कसे? डिसेंबर २०२१ मध्ये तंटा निवारण पॅनेलने तो फेटाळला. दर सरकारने कायद्याने बांधला आहे एवढे त्याला पुरेसे वाटले. २०१४-१५ पासूनचे पाचही हंगाम मर्यादेबाहेर ठरले. भारताने जानेवारी २०२२ मध्ये अपील केले. ते ऐकणारे अपील मंडळ अमेरिकेने नव्या नेमणुका अडवल्यामुळे डिसेंबर २०१९ पासूनच बंद पडले आहे. त्यामुळे निकालही अंतिम होत नाही आणि अपीलही ऐकले जात नाही.

आणि मग काय झाले? निर्यातीला पैसे दिल्याबद्दल ज्या साखरेवर ठपका आला, तीच साखर सहा महिन्यांच्या आत, १ जून २०२२ पासून, सरकारने निर्यातीच्या बंधनाखाली आणली. पुढे २०२३-२४ च्या हंगामात निर्यात जवळपास थांबवली. एकाच मालाची निर्यात व्हावी म्हणून तिजोरीतून पैसे आणि होऊ नये म्हणून अधिसूचना, तेही तीन-चार वर्षांच्या आत. कारखान्याने परदेशी गिऱ्हाईक बांधावे की नाही, ऊस लावणाऱ्याने पुढच्या वर्षाचा अंदाज कशावर करावा, या प्रश्नांना अशा कारभारात उत्तर राहत नाही. जिनिव्हात आपल्याविरुद्ध वापरला गेलेला मुद्दा अन्यायाचा असेल, पण या हेलकाव्यांचा दोष ब्राझीलला देता येत नाही.

कांद्याच्या बाजूने बोलताना ग्राहकाला विसरून चालणार नाही. शहरात धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या घरी कांदा वीस रुपयांवरून ऐंशीवर गेला तर तो कमीच वापरला जातो, आणि भाकरीबरोबर कांदाच असतो अशा घरात ती तोशीस खरी असते. तिचा विचार करणे राज्यसंस्थेचे काम आहे. कांद्याच्या भावाने १९९८ मध्ये दिल्ली राज्यातले सरकार गेले असे मानले जाते, त्यामुळे सरकारे घाबरतात हेही समजू शकते. पण ग्राहकाला दिलासा देण्याचा खर्च कोणाच्या खिशातून जावा, हा स्वतंत्र प्रश्न आहे. रेशनवर स्वस्त कांदा दिला किंवा राखीव साठा बाजारात सोडला तर खर्च तिजोरीतून होतो, अंदाजपत्रकात दिसतो, त्यावर प्रश्न विचारता येतो. निर्यातबंदीचा खर्च लाल कांदा पिकवणाऱ्या काही लाख कुटुंबांवर पडतो आणि कुठल्याही हिशेबात दिसत नाही. तिजोरीच्या अंगाने पाहिले तर हा संसदेत न मांडलेला कर आहे. आणि गरीब ग्राहकाबरोबर त्याचा लाभ श्रीमंत ग्राहक आणि हॉटेलमालकही घेतो.

तसेच शेतकरी संघटनांनाही एक प्रश्न विचारला पाहिजे. अबुधाबीची परिषद चालू असतानाच, २६ फेब्रुवारी २०२४ ला, संयुक्त किसान मोर्चाने भारताने जागतिक व्यापार संघटनेतून बाहेर पडावे म्हणून दिवस पाळला. त्याच आठवड्यात नाशिकचा शेतकरी निर्यात खुली करा म्हणत होता. तूर, सोयाबीन, कापूस पिकवणारा शेतकरी आयात बंद करा म्हणतो. ज्याच्या पायात काटा त्याला तो सलणारच. पण ‘निर्यात सदैव खुली आणि आयात सदैव बंद’ हे धोरण कोणताही देश दुसऱ्याला मान्य करायला लावू शकत नाही. शेतकऱ्याने मागावे असे काही असेल तर ती आयातीला आणि निर्यातीला सारखीच लागू पडणारी शिस्त. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के कर लादला आणि कपडा उद्योग अडचणीत आला, तेव्हा सरकारने कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क काही आठवड्यांसाठी काढले व नंतर मुदत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. विदर्भ, मराठवाडा, खानदेशात वेचणी तोंडावर होती. उद्योगाला मदतीची गरज होती. ती कापूसवाल्याच्या भावातून का जावी, हे त्याला कुणी सांगितले नाही आणि विचारलेही नाही.

याच राज्यसंस्थेची दुसरी रीतही आहे, आणि ती पाहिली म्हणजे हे सारे अपरिहार्य नाही हे कळते. एखाद्या पोलाद किंवा रसायन कंपनीला वाटले की परदेशी माल अन्याय्य स्वस्तात येतो आहे, तर ती वाणिज्य मंत्रालयाच्या व्यापार उपाय महासंचालनालयाकडे अर्ज करते. चौकशी सुरू झाल्याची अधिसूचना निघते, दोन्ही बाजूंना प्रश्नावल्या जातात, तोंडी सुनावणी होते, कोणती तथ्ये विचारात घेतली ते आधी कळवले जाते, मग शेकडो परिच्छेदांचा निष्कर्ष प्रसिद्ध होतो. कर लागला तर सहसा पाच वर्षांसाठी, वाढवायचा तर पुन्हा चौकशी. ही सगळी पद्धत आपल्या कायद्यात आली ती जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे. ज्याला आपण बाहेरची बेडी म्हणतो, तिनेच भारतीय कारखानदाराला आणि आयातदाराला भारत सरकारसमोर म्हणणे मांडण्याचा हक्क दिला. शेतमालाच्या निर्यातीबाबत जागतिक नियम विरळ राहिला आणि आपल्या कायद्यातही सुनावणीची जागा रिकामी राहिली. कारखान्याला निष्कर्षाचा ग्रंथ, शेतकऱ्याला पान-दोन पानांची अधिसूचना.

औषधांचे उदाहरण याहून ठसठशीत आहे. पेटंटच्या जागतिक नियमांनी भारतावर मोठे बंधन आणले. २००५ मध्ये आपला कायदा बदलावा लागला. पण बदलताना संसदेने सक्तीच्या परवान्याचे कलम नीट राखले. औषध परवडत नसेल, गरजेपुरते मिळत नसेल, तर पेटंट दिल्यानंतर तीन वर्षांनी दुसरी कंपनी परवाना मागू शकते. मार्च २०१२ मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयात नॅटकोला बायरच्या नेक्साव्हर या कर्करोगावरच्या औषधासाठी असा परवाना मिळाला. महिन्याला सुमारे २ लाख ८० हजारांचे औषध सुमारे ८,८०० रुपयांत देण्याची अट होती, आणि बायरला विक्रीवर स्वामित्वशुल्क मिळणार होते. बायर अपिलात गेली, मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये परवाना कायम केला, सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप केला नाही. अमेरिका चिडली. पण या परवान्याविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत खटला कुणी भरला नाही. कारण उघड आहे. कायदा आधीचा होता, कारणे लिहिलेली होती, समोरच्याला ऐकून घेतले होते आणि ज्याच्याकडून घेतले त्याला मोबदला दिला होता. सार्वभौम स्वातंत्र्य इथेही वापरले गेले, आणि ते टिकले.

कांद्यात यातले काही नव्हते. नियम बाजूला ठेवून परवानगीने कारभार सुरू झाला की काय होते तेही दिसले. बंदी चालू असताना एप्रिल २०२४ मध्ये गुजरातच्या २ हजार टन पांढऱ्या कांद्याला निर्यातीची परवानगी मिळाली. पांढरा कांदा अलिबागलाही होतो. महाराष्ट्रात ओरड झाली, ऐन निवडणुकीचे दिवस. दोनच दिवसांत सरकारने जाहीर केले की सहा देशांना ९९,१५० टन निर्यातीची परवानगी दिलेली आहे, तीही एका सहकारी निर्यात संस्थेमार्फत. गुजरातला झुकते माप दिले की नाही, या वादात मला पडायचे नाही. निकष आधी जाहीर नसले की प्रामाणिक निर्णयही संशयास्पद ठरतो, आणि सरकारला त्यातून स्वतःचा बचाव करता येत नाही. पाठोपाठ गिऱ्हाईक जाते ते वेगळेच. बांगलादेशने आपली कांदालागवड वाढवली, बाकीच्यांनी इतर देशांचे दार ठोठावले.

यावर नेहमीचा आक्षेप असा की, बाजाराचे निर्णय गुप्त आणि झटपट घ्यावे लागतात. आधी निकष जाहीर केले तर व्यापारी साठेबाजी करतील. पण व्याजदराकडे पाहा. त्याचा परिणाम कांद्याच्या भावापेक्षा कितीतरी दूर पोहोचतो. तरीही २०१६ च्या दुरुस्तीनंतर रिझर्व्ह बँकेची सहा जणांची समिती तो दर ठरवते. लक्ष्य कायद्यानुसार जाहीर असते: ४ टक्के महागाई, वर-खाली २ टक्क्यांची मुभा. बैठकांच्या तारखा वर्षाच्या सुरुवातीला कळतात, कोणत्या सदस्याने काय मत दिले ते चौदाव्या दिवशी छापून येते. त्यामुळे बाजार कोसळला नाही. उलट अफवांवर कमावणाऱ्यांची सोय कमी झाली. साठेबाजाला सर्वांत जास्त पैसा मिळतो तो अनिश्चिततेतून, आणि अधिसूचनेची कुणकुण आधी लागण्यातून. ती कुणकुण नाशिक जिल्ह्यातल्या वडनेर-भैरवच्या शेतकऱ्याला लागत नसते.

म्हणून परकीय व्यापार कायद्यात शेतमालापुरता एक भाग घालावा. निर्यात केव्हा रोखता येईल याचा निकष त्यात असावा: उत्पादनातली घट आणि मागच्या काही वर्षांच्या सरासरीशी ताडून पाहिलेला भाव, दोन्ही मिळून. उपायांचा क्रमही ठरलेला असावा. आधी राखीव साठा, मग मर्यादित शुल्क, बंदी अगदी शेवटी. कोणताही आदेश साठ दिवसांनी आपोआप संपावा, आणि वाढवायचा तर शेतकरी, निर्यातदार व ग्राहक यांची सुनावणी घेऊन, कारणे प्रसिद्ध करून. आदेशापूर्वी झालेले करार पूर्ण करू द्यावेत. आणि बंदीच्या काळात भाव ठरावीक पातळीखाली गेला तर फरक तिजोरीतून द्यावा. ऑगस्ट २०२३ मध्ये सरकारने क्विंटलला २,४१० रुपयांनी दोन लाख टन कांदा घेण्याची घोषणा केली होती, म्हणजे असा खर्च करायचा असतो हे सरकारला ठाऊक आहे. तो मेहेरबानी म्हणून केला जातो. तो हक्क झाला तर बंदी घालण्यापूर्वी अर्थ मंत्रालय स्वतःच दोनदा विचार करेल. हेच निकष डाळी, खाद्यतेल आणि कापूस यांच्या आयातीलाही लावावेत.

याने सरकारचे हात बांधले जातील, अशी भीती घातली जाईल. थोडे बांधले जातील, आणि ते चांगलेच आहे. २०२५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी एका सहीने कर चढवले तेव्हा आपण सर्वांनी नियमाधिष्ठित व्यापाराची बाजू घेतली. एका माणसाच्या मर्जीवर बाजार चालला की धंदा करणे अशक्य होते, हे तिरुपूरच्या कपडेवाल्याला आणि मुंबईच्या सीप्झमधल्या दागिने निर्यातदाराला तेव्हा कळले. कांदेवाल्याला ते अनेक वर्षे ठाऊक आहे. जागतिक न्यायाधिकरण बंद पडलेले असताना आणि बलाढ्य देश करार गुंडाळून ठेवत असताना मध्यम ताकदीच्या देशाकडे विश्वासार्हता एवढेच भांडवल उरते. गिऱ्हाईक देशांना आपला शब्द पाळणारा भारत दिसला, तर तांदळाच्या साठ्यावरचा आपला युक्तिवादही वजनदार होईल. आणि घरातला नियम असेल तर जिनिव्हात ‘आमच्या शेतकऱ्यासाठी’ म्हणताना सरकारला त्या शेतकऱ्याचे हक्क कोणत्या कलमात लिहिले आहेत, ते दाखवता येईल.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर खासदारांनी, बाजार समित्यांनी आणि वर्तमानपत्रांनी एक सवय लावून घ्यावी. पुढची अधिसूचना निघेल, कारण ती निघणारच आहे, तेव्हा तिच्यावर ‘चांगली’ की ‘वाईट’ असा शिक्का मारण्याआधी तिच्याकडे तीन गोष्टी मागाव्यात: तिचे कारण कोणत्या आकड्यांवर उभे आहे, तिची मुदत कोणत्या दिवशी संपते, आणि तिची किंमत कोण भरणार आहे. तिन्हींची उत्तरे कागदावर असतील तर ते व्यापारधोरण. नसतील, तर ती केवळ त्या आठवड्याची सोय आहे, आणि तिचा भार शेतकऱ्याने का उचलावा हे सरकारला संसदेत सांगावे लागले पाहिजे.